आगेवाला

"चॅनेल गेलं म्हणजे कुठं गेलं?" बद्रीनाथनं फोनवर तिसऱ्यांदा विचारलं. पलीकडून केबलवाल्यानंही तिसऱ्यांदा तेच सांगितलं, की चॅनेल आहे तिथंच आहे, गोल्फ गेलंय. मोठ्या स्पर्धा आता साध्या पॅकवर दिसणार नाहीत. त्यासाठी वेगळं ॲप घ्यायचं आणि त्याचे वेगळे पैसे भरायचे.

बद्रीनाथनं फोन ठेवला आणि घरात कुणीतरी गेल्यासारखा चेहरा करून हॉलमध्ये सगळ्यांकडे पाहिलं. बुधवारची संध्याकाळ होती आणि गुरुवारी दुपारी विलायतेतली स्पर्धा सुरू होणार होती.

धायरीत हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या घराला गोल्फचा एवढा पुळका कशासाठी, असं कुणालाही वाटेल. राजनंदिनीलाही वाटलं होतं. गेल्या वर्षी मे महिन्यात बद्रीनाथच्या मुलाशी, ऋषीशी लग्न करून ती या घरात आली, आणि जुलैत एका दुपारी हॉलमधला सोफा सरकवून दोन लाकडी खुर्च्या टीव्हीपुढं मांडलेल्या तिनं पाहिल्या. पाहुणे कोण येणार, असं तिनं सासूला विचारलं. "पाहुणे कसले," निशाबाई म्हणाल्या, "घरचेच आहेत. फक्त घरातल्यांशी बोलत नाहीत."

गेनबाआबा, म्हणजे बद्रीनाथचे वडील, आणि भैरूबापू हे सख्खे भाऊ. तरुणपणी दोघंही खडकवासल्याच्या अंगाला एका गोल्फच्या मैदानावर कामाला होते. थोरला कॅडी. साहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर चालायचं, आणि चेंडू भोकात ढकलायची वेळ आली की जमिनीचा उतार कुठं आहे ते सांगायचं. धाकटा आगेवाला. त्यानं साहेबाच्या दोनशे पावलं पुढं जाऊन उभं राहायचं आणि आभाळातून येणारा चेंडू नेमका कुठं पडला ते बघून ठेवायचं. भैरूच्या नजरेतून एकही चेंडू कधी सुटला नाही, असं तिथली जुनी माणसं सांगत.

मग एका स्पर्धेत भैरूनं आपल्या साहेबाचा झुडपात गेलेला चेंडू पायाच्या अंगठ्यानं हळूच मोकळ्यावर सरकवला. गेनबा दुसऱ्या साहेबाबरोबर होता. त्यानं ते पाहिलं आणि विचारल्यावर खरं सांगून टाकलं. भैरूनंही नाही म्हटलं नाही. त्याचं काम गेलं, बायकोपोरं घेऊन तो वारज्याला सासुरवाडीच्या जागेत राहायला गेला, आणि त्या दिवसापासून दोघा भावांत शब्द नाही. याला तेहतीस वर्षं झाली. आईच्या तेराव्याला दोघं एकाच पंगतीला बसले, पण पाठीला पाठ लावून.

पुढं धायरीच्या घरात केबल आली. त्या वर्षीच्या जुलैत भैरूबापू कुणी न बोलावता दारात येऊन उभे राहिले. आत टीव्हीवर हिरवं मैदान दिसत होतं, मधे भोकात रोवलेला झेंडा. "इथनं झेंडा दिसतोय का?" त्यांनी टीव्हीला विचारलं. गेनबाआबांनीही टीव्हीकडं बघतच उत्तर दिलं, "आत आल्यावर दिसंल."

तेव्हापासून वर्षातले चार दिवस, गुरुवार ते रविवार, बापू धायरीला यायचे. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धा आबांच्या झोपेच्या वेळेला लागत. दुपारी सुरू होणारी ही एकच. भाऊ भावाशी बोलायचा नाही, पण दोघंही टीव्हीशी बोलायचे. त्या चार दिवसांवर ते नातं तगून होतं आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते चार दिवस गेले असते तर एकमेकांच्या मयतीला जाणं तेवढं उरलं असतं.

गेल्या जुलैत राजनंदिनी चहाचे कप ठेवायला म्हणून हॉलमध्ये आली आणि तिथंच खिळली. टीव्हीवर कुणी एक उंच गोरा माणूस चेंडूभोवती फेऱ्या मारत होता. कधी बसून बघे, कधी काठी डोळ्यांसमोर धरे.

"झेंड्याच्या वर हाय. आठ पावलं," बापू टीव्हीला म्हणाले.

आबांनी मान तिरकी केली. "वर हाय म्हंजी पळणार. अन् शेवटाला डावीकडं खाली वळणार. दोन वीत उजवीकडं धरून मारला तरच भोकात."

गोऱ्यानं एक वीत धरून मारला. चेंडू सरळ निघाला, अगदी आता पडणार असं वाटलं, आणि शेवटच्या क्षणी हलकेच डावीकडं वळून भोकाच्या कडेनं खाली घरंगळत गेला.

एकदा जमतं, असं राजनंदिनीला वाटलं. ती ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. योगायोग कशाला म्हणतात ते तिला मुलांना समजावून सांगावं लागे. तिनं कप खाली ठेवले आणि मोजायला बसली. सतरा वेळा आबांनी आधी सांगितलं, त्यातले पंधरा वेळा चेंडू त्यांनी सांगितला तसाच गेला. उरलेल्या दोन वेळा वारा होता, असं बापूंनी टीव्हीला समजावलं.

"आबा, हे कळतं कसं तुम्हाला?" तिनं न राहवून विचारलं.

"दारं धरलीत का कवा?"

तिनं नकारार्थी मान हलवली. तिच्या माहेरी हडपसरला शेती उरली नव्हती.

"वाफ्यात पानी सोडलं का ते कुठं तुंबणार, कुठं पळणार, हे सोडायच्या आधी कळाया लागतं. सोडल्यावर कळून काय करता? त्यांचं गिरीन, भोकाभवतालचं गवात, म्हंजी आपला वाफाच की. मी चेंडू सोडत न्हाय, मनात पानी सोडतो."

राजनंदिनीच्या अंगावर काटा आला. उतार, घर्षण, वेग हे सगळं ती फळ्यावर पाच वर्षं लिहीत होती. इथं सातवी नापास माणूस हजारो मैलांवरच्या गवतावर, काचेतून बघून, मनातल्या मनात पाणी सोडत होता आणि ते पाणी बरोबर वाहत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात धडा बाजूला ठेवून पूर्ण तास आबांवरच घालवला. या घरात आपण आलो हे किती बरं झालं, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं.

आणि आता गोल्फ गेलं होतं.

"सिंपल आहे," ऋषी म्हणाला. "मी सबस्क्रिप्शन घेतो. टीव्हीवर ॲप टाकतो. डन."

"घे की," निशाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आणि चार दिवसांचा स्वयंपाक त्याच ॲपवरून येतो का तेही बघ. एकाला मीठ चालत नाही, दुसऱ्याला साखर चालत नाही. माझं स्वयंपाकघर आहे का पथ्याचा वॉर्ड?"

"निशा, वर्षातले चार दिवस आहेत," बद्रीनाथ म्हणाला.

"तुमचे चार. माझे गुडघे आठ मोजतात."

तेवढ्यात अभयचा, बापूंच्या मुलाचा फोन आला. बद्रीनाथनं स्पीकर लावला. "दादा, खरं सांगू का," अभय म्हणाला, "यंदा बापूंना पाठवायचं जिवावर आलंय. मे महिन्यात बाथरूममध्ये पडले, तेव्हापासून पाय ओढतात. त्यात सिंहगड रोडची ट्रॅफिक. चार दिवस जा-ये म्हणजे... पण नाही म्हणायची माझी छाती नाही. तुम्हीच काहीतरी बघा."

बद्रीनाथनं बायकोकडं पाहिलं, बायकोनं कढईकडं पाहिलं. दोन्ही घरांना नको होतं आणि दोन्ही घरांना तसं म्हणवत नव्हतं. अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण राजनंदिनीला उपाय सुचला होता, आणि उपाय सुचलेल्या शिक्षिकेला गप्प बसवत नाही.

"ऋषी, त्यात दोन स्क्रीन चालतात ना? मग दुसरी वारज्याला लावून दे. दोघंही आपापल्या घरी आरामात बघतील."

हॉलमध्ये एकदम मोकळं वाटायला लागलं. अभय फोनवर चार वेळा थँक्यू म्हणाला. निशाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि "सून आणावी तर अशी" असं, कधी नव्हे ते, तोंडावर म्हणाल्या. ऋषी लगेच गाडी काढून वारज्याला गेला आणि तिथल्या टीव्हीवर ॲप टाकून जेवायच्या आत परत आला.

आबा गॅलरीत बसले होते. राजनंदिनीनं जाऊन त्यांना सांगितलं, "आबा, यंदा बापूंना दगदग नको. त्यांच्या घरीसुद्धा दिसणार आहे."

"बरं," आबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला. भावाचं नाव घेऊन काही विचारायचं म्हटलं तर तेहतीस वर्षांचा नेम मोडला असता. त्यामुळं त्यांनी काही विचारलं नाही, आणि राजनंदिनीला तो होकार वाटला.

गुरुवारी चित्र असं काही आलं की गवताची पाती मोजावीत. निशाबाईंनी फक्त साखर टाळून स्वयंपाक केला आणि दुपारी तासभर झोपल्या. आबा मात्र टीव्हीपुढं गप्प बसून राहिले. शुक्रवारीही तेच. शनिवारी तर त्यांनी डोळेच मिटले होते.

"आबा, गोल्फ चालू आहे," निशाबाई म्हणाल्या.

"ऐकतोय."

"इंग्रजी?"

"तुमाला काय करायचंय?" आबा म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटून बसले.

दुसरी खुर्ची बाजूलाच होती. ती उचलून ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, की कुणाचा हात धजला नव्हता, कोण जाणे.

रविवारी सगळेच घरी होते. सातच्या सुमाराला शेवटची जोडी मैदानात उतरली, ज्यांच्यातून जिंकणारा ठरणार होता ती. निशाबाईंनी देवापुढं दिवा लावला आणि त्याही येऊन बसल्या. राजनंदिनी मुद्दाम आबांशेजारी, बापूंच्या खुर्चीत जाऊन बसली. वर्षभर तिनं या दिवसाची वाट पाहिली होती. पहिल्याच भोकाजवळ चेंडू थांबला तशी तिनं विचारलं, "सांगा आबा. कुणीकडं वळेल?"

आबा पुढं वाकले. त्यांनी मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला. 

"हाय कुठं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"चेंडू."

चेंडू पडद्याच्या ऐन मध्यावर होता. हिरव्यावर पांढरा, लहान मुलानंही बोट ठेवावं असा. राजनंदिनीनं टीव्हीकडं पाहिलं, मग आबांकडं. गेल्या वर्षीचं सगळं बोलणं तिला एकदम ऐकू आलं. झेंड्याच्या वर हाय, आठ पावलं. वाळूच्या अलीकडं पडला. उजव्या कडंला हाय. बापू फुशारकी मारत नव्हते. ते चेंडू कुठं आहे ते सांगत होते.

"आबा, तुम्हाला दिसत नाही?"

"गवात दिसतं. चढ-उतार दिसतो. जेवताना अडत न्हाय, चालताना अडत न्हाय. त्ये बारकं पांढरं तेवढं दिसत न्हाय."

"कधीपासून?"

"झाली आसतील चार वर्सं."

"आणि सांगितलं नाही कुणाला?" बद्रीनाथचा आवाज चढला.

"सांगून? दवाखान्यात नेलं असतं तुमी."

 राजनंदिनीला रडू येत होतं, पण रडण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून तिनं डोळे पुसले. "मी सांगते आबा. चेंडू झेंड्याच्या डावीकडं आहे. साधारण तीन मीटरवर."

"मीटर ऱ्हाऊ दे. वर का खाली?"

तिनं पाहिलं. पुन्हा पाहिलं. वर की खाली? तिला सगळं सपाट दिसत होतं. गवत, झेंडा, चेंडू, टेबलावर ठेवल्यासारखं सपाट. एम.एस्सी.ला उताराचे प्रश्न तिनं वहीभर सोडवले होते आणि समोरचा उतार तिला दिसत नव्हता. आबा पाणी सोडत असतील, पण कुठून सोडायचं ते त्यांना भैरूबापू दाखवत होते, हे तिला आत्ता कळलं. एका माणसाची करामत म्हणून ती वर्गात सांगून आली होती, आणि ती होती दोघांची. तिनं स्वतःच्या हातानं त्या करामतीचे दोन तुकडे करून एक वारज्याला पाठवून दिला होता.

"बाबा, चूक माझी आहे," ती बद्रीनाथला म्हणाली. "बापूंना फोन लावा."

"आता? कुठल्या तोंडानं? येऊ नका म्हटलं आपण, आणि आता..."

"येऊ नका असं कुणी म्हटलं नाही," निशाबाई म्हणाल्या. "या असंही म्हटलं नाही. सगळ्यांनी मिळून काहीच म्हटलं नाही, हाच तर घोळ आहे. लावा फोन. नाहीतर मी लावते, आणि मी लावला तर अभयला दोन गोष्टी ऐकवीन."

बद्रीनाथनं लावला. अभयनं पहिल्याच रिंगला उचलला.

"दादा, बरं झालं फोन केलात," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बापू गुरुवारपासून टोपी घालून बसतात टीव्हीपुढं. बाहेर जायच्या कपड्यांत. कुठं जायचंय विचारलं की काही बोलत नाहीत. जेवण पण निम्मंच."

ऋषीनं भराभर सूत्रं हातात घेतली. दोन्हीकडं स्पीकर लावायचे, दोन्हीकडं गोल्फ चालूच आहे, बापू तिकडून सांगतील, आबा इकडून ऐकतील. काय अवघड आहे? फोन आबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. क्षणभर नुसती खरखर झाली. मग बापूंचा आवाज आला, टीव्हीशी बोलावं तसाच.

"झेंड्याच्या खाली हाय. पाच पावलं."

आबांचा चेहरा उजळला. ते पुढं वाकले, बोलायला तोंड उघडलं, आणि टीव्हीवर तर एक जण दुसऱ्याच ठिकाणी उभा राहून काठी फिरवत होता. तो चेंडू केव्हाच भोकात पडून गेला होता.

"लॅग आहे," ऋषी कपाळाला हात लावून म्हणाला. "त्यांचं नेट स्लो आहे. वारज्याला चाळीसएक सेकंद मागं चाललंय. थांबा, मी आपलं पॉज करतो."

त्यानं पॉज केलं. मग तिकडचं चक्र फिरायला लागलं. हे सुरू केलं तर ते अडकलं, ते सुटलं तोवर हे पुढं गेलं. "पडला, वाळूत पडला," बापू सांगत, तेव्हा इकडं माणसं टाळ्या वाजवत असत. आबा एकदा उजवीकडं म्हणाले, एकदा डावीकडं, आणि दोन्ही वेळा कुठल्या चेंडूबद्दल ते कुणालाच कळलं नाही. ऋषी रिमोट दाबत राहिला. राजनंदिनी आबांकडं बघत होती. 

"बंद कर ते," आबा म्हणाले.

ऋषीनं टीव्हीचा आवाज बंद केला. आबांनी फोन उचलला. कानाला लावायचा की तोंडापुढं धरायचा ते त्यांना ठरवता येईना, शेवटी त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

"भैरू," ते म्हणाले.

निशाबाईंनी तोंडाला पदर लावला. बद्रीनाथ उभाच राहिला. हे नाव त्याच्या वडिलांच्या तोंडून त्यानं शेवटचं ऐकलं तेव्हा तो बारावीत होता.

"भैरू, मला चेंडू दिसत न्हाय रं."

 ऋषीनं वाकून फोन कट तर झाला नाही ना ते पाहिलं. कट झाला नव्हता. कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

"ठावं हाय, दादा," बापू म्हणाले. "चार वर्सं झाली. म्हणून तर मी मोठ्यानं बोलतोय."

राजनंदिनीनं आजवर पुष्कळ हुशार माणसं पाहिली होती. पण जो भाऊ आपल्याशी बोलत नाही, त्याला दिसत नाही हे त्याच्या मान वळवण्यावरून ओळखायचं, ते कुणाला कळू द्यायचं नाही, आणि चार वर्षं दर जुलैला येऊन त्याचे डोळे व्हायचं, तेही टीव्हीशी बोलतोय असं दाखवून. यापुढं ती सगळी तिला फिकी वाटली. 

 आबांनी फोन राजनंदिनीच्या हातात दिला आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

"बद्री, गाडी काढ."

"आबा, अहो कुठं? आता सिंहगड रोडला..." बद्रीनाथ म्हणाला. "तिथं पोचेपर्यंत अर्धी मॅच होऊन जाईल."

"कशी हुईल?" आबा पायानं चपला चाचपत म्हणाले. "चेंडू बी तिकडं उशिराच पोचतोय न्हवं? मग मी बी पोचीन."